सरकार तूट करून खर्च करतं तेव्हा तो पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

रोखेवाला
शेजारच्या धाग्यावर लाडकी बहीण योजनेवरून बरीच चर्चा झाली. "पैसा नसेल तर नोटा छापा" इथपासून "राज्य दिवाळखोरीत निघालं" इथपर्यंत सगळी मतं आली. तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. माझी नोकरी बँकेच्या ट्रेझरीत, सरकारी रोख्यांच्या (म्हणजे सरकार कर्ज घेताना देतं त्या कागदांच्या) टेबलावर गेली. सरकारची तूट मी रोज बाजारात विकली जाताना पाहिली आहे, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा.

आधी आकडे. केंद्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा. कर्ज सोडून बाकी सगळी जमा ३४.९६ लाख कोटी. फरक १५.६९ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के. हीच राजकोषीय तूट. याच अर्थसंकल्पात नुसत्या व्याजाचा आकडा १२.७६ लाख कोटी आहे. जुन्या कर्जाचं व्याज नसतं तर तूट तीन लाख कोटींच्या आत राहिली असती. जमेच्या प्रत्येक रुपयातले छत्तीस-सदतीस पैसे व्याजात जातात. तूट हा केवळ यंदाच्या सरकारच्या वागण्याचा हिशोब नसतो, मागच्या सगळ्यांचं ओझं त्यात असतं.

हा पैसा येतो लिलावातून. केंद्राचे रोखे बहुधा शुक्रवारी विकले जातात, राज्यांचे मंगळवारी. रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीवर सकाळी बोली लावायची, दुपारी निकाल. घेणारे कोण? बँका, एलआयसी, भविष्यनिर्वाह निधी, म्युच्युअल फंड. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम अशा रोख्यांत वगैरे ठेवावीच लागते. म्हणजे तुमची मुदत ठेव, विम्याचा हप्ता, पगारातून कापला जाणारा पीएफ, यांतला मोठा हिस्सा शेवटी सरकारच वापरतं. सरकारने जास्त उचललं की कारखानदाराला आणि घरकर्जवाल्याला उरलेल्यातून घ्यावं लागतं. मागणी जोरात असेल तर व्याजदर चढतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुटीचा टक्का सांगून काहीच कळत नाही. त्या वेळी देशातले हात आणि यंत्रं रिकामी होती का, आणि पैसा कशावर गेला, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय तूट बरी की वाईट हे ठरत नाही. आपल्याकडेच पंधरा वर्षांच्या आत दोन मोठ्या तुटी झाल्या आणि दोन्हींचे परिणाम वेगळे निघाले. त्यावर खाली लिहीनच. आधी तुमची मतं येऊ द्या.

सोनचाफा
काका, साधा प्रश्न विचारते. आम्ही घरात महिन्याचा खर्च पगारात बसवतो. दर महिन्याला उधारीवर जगलो तर घर बुडेल. मग देशाला हा नियम का नाही?

खानदेशी
सोनचाफा, प्रश्न रास्त आहे, पण घर आणि सरकार यांत एक मोठा फरक आहे. तुम्ही किराणा कमी केलात तर तुमचा पगार कमी होत नाही. सरकारने खर्च कमी केला तर कुणाचं तरी उत्पन्न लगेच कमी होतं. त्या माणसाची खरेदी घटते, तिच्यावरचा जीएसटी घटतो आणि सरकारचीच जमा खाली येते. मंदीत सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळ्यांचंच उत्पन्न आटतं. केन्स या अर्थतज्ज्ञाने १९३६ मध्ये हेच मांडलं. म्हणून खासगी खर्च थांबलेला असताना सरकारने तूट सोसून खर्च करायचा. अर्थात त्याचा दुसरा अर्धा भाग असा की चांगल्या वर्षांत तूट आवरायची. पहिला भाग सगळ्या पक्षांना आवडतो, दुसरा कुणालाच नाही.

यूपीएससी_चालू_आहे
सर, रिझर्व्ह बँक सरकारचीच आहे ना? मग लोकांकडून व्याजाने घेण्यापेक्षा नोटा छापून का देत नाही?

रोखेवाला
ते आपण चाळीस वर्षं केलंय. १९५५ पासून 'अॅड हॉक ट्रेझरी बिल' नावाची सोय होती. सरकारच्या खात्यातली शिल्लक ठरलेल्या रकमेखाली गेली की रिझर्व्ह बँक आपोआप बिलं घेऊन पैसे भरायची. नंतरच्या काळात त्यावर व्याज फक्त ४.६ टक्के होतं. तात्पुरती सोय कायमची झाली. तूट संसदेत ठरायची, पण नवा पैसा किती तयार होणार यावर रिझर्व्ह बँकेचा ताबा उरला नव्हता. १९९१ चं संकट आपल्याला आठवतं ते सोनं गहाण ठेवल्यामुळे. त्यामागे ऐंशीच्या दशकात वाढत गेलेल्या तुटीही होत्या. १ एप्रिल १९९७ पासून अॅड हॉक बिलं बंद झाली, त्याऐवजी मर्यादा असलेली उचल आली. पुढे २००३ च्या, तुटीला लगाम घालणाऱ्या एफआरबीएम कायद्यामुळे १ एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेने लिलावात सरकारकडून थेट रोखे घेणंही थांबलं.

बाजारातून मात्र ती घेऊ शकते आणि घेतेही. २०२१ मध्ये एप्रिल ते जून या तिमाहीत तिने आधी जाहीर करून एक लाख कोटींचे रोखे घेतले. त्याने व्याजदर आवरले गेले. तो पैसाही नवाच असतो. फरक इतकाच की किती आणि केव्हा हे रिझर्व्ह बँक ठरवते, खर्च करणारा मंत्री नाही. माझ्या मते हा फरक फार मोलाचा आहे.

किराणा_लातूर
मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही, दुकानातून जे दिसतं ते सांगतो.

लाडक्या बहिणीचे पैसे खात्यावर आले की दोन-चार दिवसांत वही हलते. बायका पहिल्यांदा उधारी फेडतात. सगळी नाही, पण काही तरी देतात. मग माल. एरवी पाव किलो तेल सुटं नेणारी बाई एक लिटरची पिशवी घेते. चहापत्तीचा पुडा मोठा होतो. शाळा उघडायच्या वेळी वह्या, दप्तर, बूट. यात उधळपट्टी मला दिसली नाही. माझी उधारी वसूल झाली की मीही होलसेलवाल्याला वेळेवर देतो, त्याच्याकडे पाळी चुकत नाही. हे पैसे यायच्या आधी पावसाळ्याचे महिने फार ओढाताणीचे जायचे.

पण एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. गिऱ्हाईक वाढलं म्हणून मी गडी वाढवला नाही. माल वाढला, काम तेवढंच. आणि मी विकतो त्यातलं गावात तयार होणारं काय? डाळ, गूळ, थोडी हळद. बाकी सगळं बाहेरून.

खानदेशी
किराणा दादा, फार मोलाचं निरीक्षण. तेलाचंच घ्या. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आयात होतं. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल दक्षिण अमेरिकेतून. म्हणजे सरकारने कर्ज काढून दिलेल्या पंधराशेतला काही भाग तेलाच्या पिशवीतून थेट देशाबाहेर जातो. तुटीमुळे मागणी वाढली आणि ती भागवायला देशात उत्पादन नसलं, तर आयात वाढते आणि रुपयावर ताण येतो. लातूर म्हणजे सोयाबीनचा पट्टा. तिथल्या शेतकऱ्याला हमीभाव मिळत नाही आणि तिथल्याच दुकानात बाहेरचं तेल खपतं, हे मनाला लागतं.

निशिगंधा
मला एका गोष्टीचा राग येतो, तो मांडते. बायकांच्या खात्यावर पंधराशे गेले की 'फुकट', 'रेवडी'. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा करदर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारने स्वतःच सांगितलं की वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत प्राप्तिकर शून्य झाला, त्यात साधारण एक लाख कोटी सुटले. त्याला कुणी फुकट म्हणत नाही. तुटीच्या हिशोबात सोडलेला कर आणि दिलेला पैसा एकच आहेत. रिकाम्या हाताला दिलेला रुपया लगेच खर्च होतो, कंपनीला सोडलेला रुपया गुंतवणूक होईलच असं नाही. धागाकर्त्यांनी कशावर खर्च झाला हे विचारायला सांगितलंय. मग प्रश्न सगळ्यांनाच विचारा.

सोनचाफा
+१ निशिगंधा

रोखेवाला
निशिगंधा ताई, शंभर टक्के सहमत. करसवलत ही सुद्धा तूटच. कबूल केल्याप्रमाणे आता दोन तुटींबद्दल.

२००७-०८ मध्ये केंद्राची तूट २.५ टक्के होती. पुढच्या वर्षी ती ६ च्या घरात गेली आणि २००९-१० मध्ये साडेसहावर. जगभर मंदी होती, त्यामुळे काही प्रमाणात वाढ हवीच होती. पण त्यातला मोठा खर्च मंदी यायच्या आधीच ठरलेला होता. फेब्रुवारी २००८ ची शेतकरी कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, खत आणि इंधनाचं अनुदान. त्यावर उत्पादन शुल्क आणि सेवाकरातली कपात. अर्थव्यवस्था अंदाजापेक्षा लवकर सावरली, खर्च मात्र आवरला गेला नाही. कारखाने पुन्हा भरून चालत होते तरी मागणीला रेटा सुरूच. किरकोळ महागाई दोन अंकी झाली. मार्च २०१० ते ऑक्टोबर २०११ या काळात रिझर्व्ह बँकेने तेरा वेळा रेपो (ती बँकांना ज्या व्याजाने उसने देते तो दर) वाढवला, ४.७५ वरून ८.५ टक्क्यांवर. आमच्या टेबलावर त्या काळात प्रत्येक पतधोरणाच्या दिवशी हातातल्या रोख्यांची किंमत पडायची, कारण नवे रोखे जास्त व्याज देणार म्हटलं की जुन्यांना भाव राहत नाही. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट (परदेशी व्यवहारांत येणाऱ्यापेक्षा जितका जास्त पैसा बाहेर जातो ती) ४.८ टक्क्यांवर गेली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पार.

आता २०२०-२१. तूट ९.२ टक्के, आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी. तरी त्या वर्षी महागाई सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास राहिली आणि रोख्यांवरचे व्याजदर उलट खाली होते. कारण एप्रिल-जून २०२० मध्ये कारखान्यांची निम्मीसुद्धा क्षमता वापरात नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत तो आकडा ४७.३ टक्के आहे. लोक पैसे खर्चायला घराबाहेर पडतच नव्हते, कर्ज मागायला कारखानदार येत नव्हता. बँकांकडे ठेवी साचल्या आणि त्या सरकारनेच वापरल्या. ८० कोटी लोकांना धान्य आणि रोजगार हमीचं काम त्यातून गेलं. नंतर सरकारने तूट हळूहळू खाली आणली आणि त्याच वेळी खर्चाचा बाज बदलला. २०१९-२० मध्ये भांडवली खर्च, म्हणजे रस्त्यांसारखं टिकाऊ काही उभारण्याचा खर्च, ३.३६ लाख कोटी होता, २०२५-२६ ला ११.२१ लाख कोटी धरलाय. हे मला गेल्या कित्येक वर्षांतलं सर्वात शहाणपणाचं वळण वाटतं.

खानदेशी
२००९ नंतरच्या महागाईचं सगळं खापर तुटीवर फोडू नका. २००९ ला मोठा दुष्काळ होता, पुढे कच्चं तेल शंभर डॉलरच्या वर राहिलं. दूध, डाळी, अंडी यांची मागणी ग्रामीण मजुरी वाढल्याने वाढली. मजुरी वाढली ही चांगलीच गोष्ट होती.

रोखेवाला
मान्य. पण पुरवठा कमी असताना मागणी ओतत राहणं हेच तर चुकलं.

टेम्सकाठचा
लंडनहून लिहितोय. तूट आणि व्याजदर यांचा संबंध आम्ही थेट घरात अनुभवला. २३ सप्टेंबर २०२२ ला इथल्या नव्या सरकारने 'मिनी बजेट' आणलं. सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात, आणि ती कुठून भागवणार याचा हिशोब नाही. सोमवारी पौंड डॉलरसमोर इतिहासातल्या नीचांकावर. सरकारी रोखे इतक्या वेगाने पडले की पेन्शन फंडांना तातडीने पैसे उभे करावे लागले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीत उतरावं लागलं.

आमच्या घरकर्जाचा स्थिर दराचा करार त्याच सुमारास संपत होता. सकाळी ब्रोकरने सांगितलेला दर दुपारी मिळेना, बँकांनी योजनाच मागे घेतल्या. दोन वर्षांचा दर सहा टक्क्यांवर गेला. बायकोने आणि मी कागद-पेन घेऊन मुलाच्या पाळणाघराचा खर्च कसा बसवायचा ते मांडलं. तुटीचा आकडा जगातला सर्वात मोठा नव्हता. महागाई आधीच दहा टक्क्यांच्या आसपास होती आणि सरकार हिशोब देत नाही, हे बाजाराला कळलं. बहुतेक करकपात मागे घ्यावी लागली, पंतप्रधानांनी २० ऑक्टोबरला राजीनामा जाहीर केला.

यूपीएससी_चालू_आहे
मग जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त असून तिथे असं का झालं नाही?

टेम्सकाठचा
ते कर्ज येनमध्ये आहे, बहुतांश जपानी लोकांच्याच बचतीतून आलेलं, आणि त्यातला जवळपास निम्मा वाटा त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे आहे. श्रीलंकेचं बरंचसं कर्ज डॉलरमध्ये होतं. २०१९ च्या शेवटी त्यांनी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, मग पर्यटन बुडालं आणि एप्रिल २०२२ मध्ये परदेशी देणी थांबवावी लागली.

विटा_सिमेंट
मी विदर्भात रस्त्यांची आणि पाणी योजनांची छोटी कामं घेतो. तुमच्या सगळ्या चर्चेत आमची तूट कुठेच नाही.

एका खात्याचं काम पूर्ण केलं. एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरली, बिल पास झालं, आणि सांगितलं जातं की हेडला, म्हणजे त्या खर्चाच्या सदराला, निधी नाही. मार्च एंडला थोडे पैसे येतात, ते सगळ्यांत वाटून टक्केवारीने मिळतात. तोवर सिमेंटवाल्याचं व्याज सुरू. बँकेच्या ओव्हरड्राफ्टची मर्यादा संपलेली. जेसीबीवाला दारात येऊन बसतो आणि त्याचंही चूक नाही, त्याचा हप्ता आहे. पोकलेनचा ऑपरेटर सोडून गेला. मजुरांचे पैसे मी अडवत नाही, त्यासाठी घरातलं सोनं ठेवलंय. अनामत अजून अडकलेली. आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर सांगतात की तूट मर्यादेत आहे. ती आमच्या जिवावर मर्यादेत आहे.

रोखेवाला
विटा_सिमेंट, तुम्ही फार नेमकं बोट ठेवलंत. आपली सरकारी खाती रोखीच्या पद्धतीने लिहिली जातात. पैसा तिजोरीतून गेला तरच खर्च दिसतो. काम झालं, बिल पास झालं, पण पैसे दिले नाहीत, तर तूट कमीच दिसते. प्रत्यक्षात सरकारने ते कर्ज बाजारातून सात टक्क्यांच्या आसपास घेण्याऐवजी तुमच्याकडून सक्तीने घेतलं, आणि त्यावर बँकेचं व्याज तुम्ही भरताय. मला हा तुटीचा सर्वात वाईट प्रकार वाटतो. त्यात माणसं कामावरून जातात आणि आकड्यांत काहीच दिसत नाही.

केंद्रानेही असं केलेलं आहे. इंधनाचं अनुदान रोखीने न देता तेल कंपन्यांना रोखे दिले, ते २००५ ते २०१० या काळात. पुढे धान्य अनुदानाचे पैसे वेळेवर न देता अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावलं. ते २०२१ च्या अर्थसंकल्पात बंद करून खुल्या हिशोबात आणलं, त्यामुळे तूट एकदम मोठी दिसली. मला ते योग्य वाटलं.

खानदेशी
याच संदर्भात महाराष्ट्राचे आकडे मांडतो. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा. महसुली तूट ४५,८९१ कोटी, म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं यांतला काही भाग कर्जातून. लाडकी बहीणसाठी ३६,००० कोटी. भांडवली खर्चाला साधारण ९३ हजार कोटी. कर्ज ९.३२ लाख कोटींच्या घरात. राज्य नोटा छापू शकत नाही, आणि केंद्राचं देणं बाकी असेतोवर संविधानाच्या २९३ व्या कलमाने कर्जाला केंद्राची संमती लागते. राज्य उत्पन्नाच्या साधारण तीन टक्क्यांची मर्यादा आहे. मग ओढाताण झाली की पगार थांबत नाही, पेन्शन थांबत नाही, व्याज तर थांबूच शकत नाही. थांबतात ती विटा_सिमेंटची बिलं.

सुकन्या बोस आणि एन. आर. भानुमूर्ती यांच्या अभ्यासात सरकारच्या भांडवली खर्चाच्या एका रुपयामागे उत्पन्न २.४५ रुपयांनी वाढतं, थेट हस्तांतरणाच्या, म्हणजे लोकांना नुसत्या दिलेल्या, रुपयामागे ०.९८ ने. म्हणून निधी कमी पडला की नेमका जास्त फळ देणारा खर्च आधी कापला जातो.

निशिगंधा
अभ्यास मान्य. पण रस्ता पूर्ण व्हायला तीन वर्षं लागतात, आणि औषध आज लागतं.

खानदेशी
ताई, खरंय. म्हणूनच या राज्यानेच काढलेला एक मार्ग सांगावासा वाटतो, कारण त्यात दोन्ही साधलं होतं.

वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगाराच्या योजनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. माझी आई त्या वेळी खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलो ज्वारीच्या आठवणी आमच्या घरात अजून निघतात. मोठी गोष्ट अशी की त्यासाठी पैशाची सोय कायद्याने लावली. १९७५ ला व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराकडून घ्यायचा, जेवढा जमेल तेवढीच भर राज्याने घालायची, आणि तो निधी रोजगार हमीसाठी. २६ जानेवारी १९७९ पासून कायदा लागू झाला. तुमच्या पगारपत्रकावर दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात ना, तो हाच कर.

याचं अर्थशास्त्र बघा. पाऊस चांगला झाला की मजूर शेतात, योजनेवर गर्दी नाही, निधी साठतो. दुष्काळ पडला की माणसं कामावर येतात आणि साठलेला पैसा गावात उतरतो. मंदीत खर्च वाढवा, बऱ्या दिवसांत आवरा, हे कुणा मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता आपोआप घडत होतं. मागे राहिले पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. १९९० पासून त्याच योजनेतून फळबागा लागल्या. २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा समोर महाराष्ट्राचाच अनुभव होता. कामांचा दर्जा, हजेरीपटातले घोटाळे, हे सगळं होतं, मी नाकारत नाही. पण खर्चासोबत उत्पन्नाचा मार्ग बांधून देण्याची ती हिंमत मला आजच्या एकाही मोठ्या योजनेत दिसत नाही.

किराणा_लातूर
आमच्या गावचा पाझर तलाव त्यातलाच. विहिरींना अजून पाणी आहे.

विटा_सिमेंट
सर, चर्चा चांगली झाली. मला एक सांगा, थकलेल्या बिलांचा आकडा सरकार कुठे छापतं का? आम्ही मोर्चात जे आकडे सांगतो ते आमचे आम्ही जमवलेले.

रोखेवाला
एका जागी, चालू वर्षाचा, असा मी कधी पाहिला नाही. पण दर वर्षी कॅग, म्हणजे सरकारी हिशोब तपासणारी यंत्रणा, राज्याचे वित्त लेखे सादर करतं. त्याच्या दुसऱ्या खंडात अपूर्ण भांडवली कामांचं परिशिष्ट असतं. कॅगच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र निवडा, वित्त लेखे उघडा आणि तुमच्या विभागाची कामं त्यात कशी दाखवली आहेत ते बघा. यादी उशिराने येते, म्हणून आधीची दोन-तीन वर्षंही चाळा. तुमच्या संघटनेतल्या प्रत्येकाने आपापलं पास झालेलं बिल, एमबीची तारीख आणि हेड असा तक्ता केला, तर तो त्या यादीशेजारी ठेवून आमदारांमार्फत विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे देता येईल. तक्ता करायला मी मदत करतो, व्यनि करा.